बंद दारामागचे बंधुत्व

काळोखात घेतलेली शपथ, बंद दारामागची बैठक आणि एका चिठ्ठीसरशी कुणाचेही आयुष्य उद्ध्वस्त करणारा अदृश्य हात! गुप्त मंडळांच्या कथांचा हा ठरलेला मसाला आहे. तो घातला की चित्रपट चालतो, कादंबरी खपते आणि नाक्यावरची चर्चाही रंगते. अशा करमणुकीबद्दल आमची तक्रार नाही. परंतु अन्याय कोण करतो, कसा करतो आणि त्याच्याशी लढायचे कसे, याविषयी या कथा बघणाऱ्याच्या मनात काय पेरतात, हा प्रश्न चळवळीतल्या माणसाने विचारलाच पाहिजे. अन्यायाचे निदान चुकले की लढ्याची दिशाही चुकते.

हा प्रश्न तपासण्यासाठी आम्ही एक जुना अमेरिकन दूरचित्रवाणीपट घेतला आहे. त्याचे नाव 'द ब्रदरहुड ऑफ द बेल', म्हणजे घंटेचे बंधुमंडळ. १७ सप्टेंबर १९७० रोजी सीबीएस वाहिनीने तो दाखवला. घरोघरच्या पडद्यासाठीच तो तयार झाला होता. दिग्दर्शन पॉल वेंडकॉस यांचे, पटकथा डेव्हिड कार्प यांनी आपल्याच कादंबरीवरून लिहिलेली आणि प्रमुख भूमिकेत ग्लेन फोर्ड हा त्या काळचा मोठा नट. आज अर्धशतक उलटून गेले तरी हा चित्रपट बघण्यासारखा आहे. तो जे बरोबर सांगतो त्यासाठी बघावा, आणि जे सांगायचे राहून गेले तेही तपासावे.

कथा अशी. अँड्र्यू पॅटरसन हा नामवंत प्राध्यापक. सॅन फ्रान्सिस्कोतील एका काल्पनिक महाविद्यालयात शिकत असताना तो या गुप्त मंडळाचा सभासद झालेला असतो. त्यानंतर वीसेक वर्षे मंडळाने त्याच्याकडे काहीच मागितलेले नसते. फिलिप डनिंग नावाच्या तरुणाच्या दीक्षाविधीसाठी तो पुन्हा त्या वास्तूत येतो आणि तेव्हाच त्याच्यावर एक कामगिरी सोपवली जाते. ऋण फेडायची वेळ आलेली असते. कॉन्स्टंटिन होरवॅथी हा त्याचा मित्र पूर्व युरोपातून पळून आलेला विद्वान आहे. एका संस्थेतले अधिष्ठातापद तो स्वीकारणार आहे, आणि मंडळाला ते आपल्या माणसासाठी हवे आहे. तेव्हा होरवॅथीला माघार घ्यायला लावायची. त्याने ऐकले नाही, तर त्याला निसटून यायला ज्यांनी मदत केली त्यांची नावे उघड करण्याची धमकी द्यायची. पॅटरसन कचरतो, पण शेवटी शपथेला जागतो. मित्र आत्महत्या करतो.

त्या मृत्यूने पॅटरसनची सदसद्विवेकबुद्धी जागी होते. मंडळाचे बिंग फोडायचे असे तो ठरवतो आणि बघता बघता त्याचे सारे आयुष्य कोसळते. नोकरी जाते, पत्नी सोडून जाते, वडिलांच्या धंद्यामागे चौकश्यांचा ससेमिरा लागतो. ज्या कर्तबगारीचा त्याला अभिमान होता, तिच्यामागेही मंडळाचाच हात असावा, अशी शंका त्याला कुरतडू लागते.

वकील म्हणून या चित्रपटाकडे बघताना आम्हाला एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. या मंडळाकडे मारेकरी नाहीत. कुणी सुरा काढत नाही, कुणी गोळी झाडत नाही. त्याची सारी हत्यारे कायदेशीर आहेत. शिफारसपत्र, नेमणूक, संशोधनाचे अनुदान, चौकशीची नोटीस! कुणाला पद द्यायचे ते द्यावे, कुणाचे अनुदान थांबवायचे ते थांबवावे, कुणाची हिशेबाची वही उघडायची ती उघडावी. यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर ती नेहमीच्या कारभाराचा भाग वाटते. न्यायालयात गेलात तर प्रत्येक गोष्टीला एक वैध कारण दाखवता येते. सर्व गोष्टी एकत्र ठेवल्या तरच फास दिसतो. प्रस्थापितांची सत्ता अशीच चालते, हे सांगण्याचे धाडस एका करमणुकीच्या चित्रपटाने केले. याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

पॅटरसनच्या वडिलांची भूमिका विल गिअर या नटाने केली आहे. हा विल गिअर स्वतः या फासातून गेलेला माणूस होता. अमेरिकन संसदेच्या अमेरिकाविरोधी कारवाया चौकशी समितीपुढे त्याने १९५१ साली साक्ष देण्यास नकार दिला. सहकाऱ्यांची नावे सांगा, असा त्या काळचा हुकूम होता. नावे न सांगणाऱ्यांची काळी यादी झाली आणि चित्रपटाच्या धंद्यातले त्यांचे काम बंद पडले. गिअरलाही पुढची अनेक वर्षे हॉलिवूडमध्ये काम मिळाले नाही. त्या यादीवर कुणा मंत्र्याची सही नव्हती, तिला कायद्याचा आधार नव्हता, तरी ती राबवली गेली. ज्या माणसाने हे भोगले, तोच पडद्यावर अदृश्य हाताने चिरडलेल्या बापाची भूमिका करतो. कथा काल्पनिक असली तरी तिचा माल कुठून आला हे यावरून कळते.

अशी मंडळे अमेरिकेत खरोखर आहेत काय? आहेत, आणि त्यांची नावे सर्वांना ठाऊक आहेत. येल विद्यापीठातील 'स्कल अँड बोन्स' हे मंडळ १८३२ साली स्थापन झाले. दरवर्षी अवघे १५ विद्यार्थी त्यात घेतात. विल्यम हॉवर्ड टाफ्ट, थोरले बुश आणि धाकटे बुश हे तीन राष्ट्राध्यक्ष त्याचे सभासद. २००४ सालच्या अध्यक्षीय निवडणुकीत जॉर्ज बुश आणि जॉन केरी हे समोरासमोर उभे होते आणि दोघेही याच मंडळाचे! १९९० च्या दशकाच्या आरंभापर्यंत स्त्रियांना तिथे प्रवेशच नव्हता. आता, हे मंडळ जगावर राज्य करते असे म्हणायला पुरावा नाही आणि आम्ही तसे म्हणणारही नाही. पण वशिल्याची साखळी बांधायला जगावर राज्य करावे लागत नाही. पंधरा मुलांना तारुण्यातच सांगितले जाते की, तुम्ही इतरांहून वेगळे आहात आणि एकमेकांना सांभाळणे हे तुमचे कर्तव्य आहे. पुढचे काम ती साखळी आपोआप करते.

चित्रपटातील दोन प्रसंग चळवळीतल्या प्रत्येक कार्यकर्त्याने लक्ष देऊन बघावेत.

पहिला प्रसंग कागदांचा. मंडळाने दिलेली कागदपत्रे पॅटरसनच्या हाती आहेत. त्याच्या खटल्याचा तोच एकमेव आधार. तो काय करतो? सासऱ्यावर विश्वास टाकतो. सासऱ्याच्या ओळखीतून सरकारी सुरक्षा खात्याचा म्हणून एक माणूस भेटतो आणि मूळ कागद त्याच्या हवाली होतात. नक्कल ठेवलेली नाही, पोच घेतलेली नाही. पुढे हे कागद मिळालेच नाहीत, असे सांगितले जाते आणि पॅटरसनजवळ उरतो फक्त त्याचा शब्द. मंडळाचा खरा विजय इथेच होतो. नोकरी जाणे, संसार मोडणे हे नंतरचे. ज्या घटकेला मूळ कागद हातातून गेला, त्या घटकेला एक विद्वान प्राध्यापक भ्रमिष्ट ठरायला मोकळा झाला.

दुसरा प्रसंग दूरचित्रवाणीच्या स्टुडिओतला. सगळी दारे बंद झाल्यावर पॅटरसन एका लोकप्रिय चर्चेच्या कार्यक्रमात जातो. त्याला वाटते, लोकांना सांगितले की लोक उठतील. पण कार्यक्रमाच्या सूत्रधाराला सत्याशी देणेघेणे नाही, त्याला तमाशा हवा आहे. तो पॅटरसनला डिवचतो, त्याची थट्टा करतो. प्रेक्षकांतून एकेक जण उठतो आणि आपापल्या मनातला शत्रू त्या गुप्त मंडळाच्या जागी बसवतो. ज्याला ज्याचा द्वेष, त्याला त्याचाच कट दिसतो. होरवॅथीचे नावही त्या कोलाहलात कुणाला आठवत नाही. अखेर पॅटरसनचा तोल जातो आणि तो सूत्रधाराच्या अंगावर धावून जातो. झाले! बघणाऱ्यांना हवे होते तेच मिळाले. हा माणूस वेडा आहे, यावर शिक्कामोर्तब झाले आणि ते मंडळाला स्वतः करावे लागले नाही.

१९७० सालचा हा प्रसंग आजच्या रात्रीच्या वृत्तवाहिन्यांना लावून बघा. फरक असलाच तर तो एवढाच की, तेव्हा आठवड्यातून एकदा जे होत असे ते आता रोज होते.

कटाची कथा पुराव्यापासून सुटली की ती किती भयंकर ठरते, याचा धडा जगाने एकदा घेतला आहे. १९०३ साली रशियातील एका वृत्तपत्राने 'प्रोटोकॉल्स' या नावाने एक मजकूर छापला. ज्यू वडीलधाऱ्यांच्या गुप्त मंडळाने जग ताब्यात घेण्याचा बेत रचला आहे, अशी ती बतावणी होती. १९२१ साली लंडनच्या 'द टाइम्स'ने सप्रमाण दाखवून दिले की, तो मजकूर १८६४ सालच्या एका फ्रेंच राजकीय पुस्तकातून उचललेला आहे आणि त्या मूळ पुस्तकाचा ज्यूंशी काहीही संबंध नाही. पण खोटे उघडे पडले म्हणून ते थांबले नाही. अमेरिकेत मोटारसम्राट हेन्री फोर्ड यांच्या वृत्तपत्राने ते पसरवले. अब्रुनुकसानीच्या खटल्यात सापडल्यावर १९२७ साली फोर्ड यांना माफी मागावी लागली. जर्मनीत नाझींनी त्याच बनावट मजकुराचा विषारी प्रचार केला आणि पुढे लाखो निरपराध माणसांची कत्तल झाली. ते मंडळ कधी अस्तित्वातच नव्हते, तरी त्याच्या भीतीने एका सबंध समाजाचा बळी घेतला. म्हणून आमचे म्हणणे असे की, पुराव्याशिवाय कटाचा आरोप करणे हा केवळ उथळपणा नाही, ते एक हत्यार आहे. आणि ते बहुतेक वेळा दुबळ्याच्याच मानेवर पडते.

मग कट कधी होतच नाहीत काय? होतात. हा चित्रपट अमेरिकेच्या घराघरात दिसत होता, त्याच काळात एक खराखुरा कट चालू होता. त्याला घंटा नव्हती, शपथविधी नव्हता. त्याला कार्यालय होते, जावक क्रमांक होता आणि पगारी कर्मचारी होते.

४ डिसेंबर १९६९. शिकागो शहर. पहाटेच्या अंधारात पोलीस ब्लॅक पँथर पक्षाच्या तरुण नेत्याच्या घरात घुसले आणि त्यांनी गोळीबार केला. फ्रेड हॅम्प्टन अंथरुणातच मारला गेला. वय २१ वर्षे. त्याच्यासोबत मार्क क्लार्क हा कार्यकर्ताही ठार झाला. पोलीस म्हणाले, चकमक झाली. पुढे संघराज्याच्या ग्रँड ज्युरीने गोळ्या मोजल्या, तेव्हा पोलिसांच्या बाजूने ८० हून अधिक गोळ्या सुटलेल्या आणि आतून फार तर एक! त्या घराचा नकाशा पोलिसांपर्यंत पोहोचला होता तो एफबीआयच्या एका खबऱ्याकडून, आणि हा खबऱ्या पक्षातच वावरत होता. ज्या ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्याच पक्षाची ही कथा आहे. म्हणून ती आपल्याला परकी वाटू नये.

आणखी मागे जाऊ. नोव्हेंबर १९६४. डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांना नोबेल शांतता पुरस्कार जाहीर झाला होता. त्या दिवसांत त्यांच्याकडे एक निनावी पत्र आणि एक ध्वनिफीत धाडण्यात आली. त्यांच्या खासगी आयुष्याची बदनामी करण्याची धमकी त्यात होती, ३४ दिवसांची मुदत होती आणि आत्महत्येकडे निर्देश करणारी भाषा होती. हे पत्र एफबीआयच्या वरिष्ठ पातळीवरून निघाले होते. चित्रपटात होरवॅथीला जे केले जाते, तेच इथे सहा वर्षे आधी एका सरकारी खात्याने एका कृष्णवर्णीय नेत्याला करून पाहिले होते. फरक एवढाच की, डॉ. किंग मोडले नाहीत. कार्प यांच्या कल्पनेतले गुप्त मंडळ श्रीमंत गोऱ्या पदवीधरांचे होते. वास्तवातला कट जनतेच्या कराच्या पैशातून चालत होता.

हे बाहेर कसे आले? कुणी स्टुडिओत जाऊन आरडाओरडा केला म्हणून आले नाही. चित्रपट दाखवला गेल्यानंतर सहा महिन्यांच्या आत, ८ मार्च १९७१ च्या रात्री, पेनसिल्व्हेनिया राज्यातील मीडिया नावाच्या गावी एफबीआयच्या छोट्या कार्यालयात आठ सामान्य नागरिक शिरले आणि तिथले हजाराहून अधिक कागद घेऊन गेले. त्यांचा म्होरक्या विल्यम डेव्हिडन हा भौतिकशास्त्राचा प्राध्यापक होता. पडद्यावरचा प्राध्यापक एकटा होता, हा आठ जणांत होता. पडद्यावरच्या प्राध्यापकाने मूळ कागद हातचे घालवले, याने नकला काढून वृत्तपत्रांकडे धाडल्या. २४ मार्च १९७१ रोजी 'वॉशिंग्टन पोस्ट'ने त्या छापल्या. सरकारने छापू नका म्हटले होते, तरी छापल्या. त्या कागदांत एका साध्या पाठवणीच्या चिठ्ठीवर एक अनोळखी शब्द होता: 'कॉइंटेलप्रो'.

कुलूप तोडणे हा गुन्हा आहे. कायद्याचे विद्यार्थी म्हणून त्या मार्गाची भलामण आम्ही करणार नाही. ती आठ माणसे पुढे कधीच पकडली गेली नाहीत आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी २०१४ साली स्वतःच जगासमोर येऊन आपली नावे सांगितली. परंतु त्या शब्दाचा अर्थ ज्याने उकलून दाखवला, त्याने कुलूप तोडले नव्हते. कार्ल स्टर्न हा एनबीसी वाहिनीचा वार्ताहर. त्याने तो शब्द वाचला आणि अमेरिकेच्या १९६६ सालच्या माहिती स्वातंत्र्य कायद्याखाली अर्ज केला. नकार मिळाला तेव्हा तो न्यायालयात गेला, आणि १९७३ च्या अखेरीस त्याच्या हाती कागद पडले. १९५६ पासून चालू असलेली ही मोहीम काय होती, ते त्या सरकारच्याच तोंडून वदवले गेले. कृष्णवर्णीयांना एकत्र आणू शकेल असा नेता उभाच राहू द्यायचा नाही, हे १९६८ सालच्या एका अंतर्गत आदेशात सरळ नमूद होते. १९७५ साली सिनेटर फ्रँक चर्च यांच्या अध्यक्षतेखाली संसदीय समिती बसली, साक्षी झाल्या, अहवाल निघाला. हॅम्प्टनच्या आणि क्लार्कच्या कुटुंबीयांनी व बचावलेल्या साथीदारांनी दिवाणी दावा लढवला. खालच्या न्यायालयात ते हरले, वरच्या न्यायालयात दावा पुन्हा उभा राहिला आणि १९८२ साली सरकारी यंत्रणांनी १८ लाख ५० हजार डॉलर देण्याचे कबूल केले. गेलेला माणूस परत आला नाही. पण चकमकीची थाप इतिहासात टिकली नाही. तेरा वर्षे लागली. एवढा दम धरावा लागतो.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते ती सर्वांत गंभीर. अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे अमेरिकन सरकारच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने गरीब कृष्णवर्णीय पुरुषांवर एक प्रयोग केला. एकूण ६०० माणसे. त्यांपैकी ३९९ जणांना उपदंश हा रोग होता. उपचार न करता रोग कसा वाढतो, हे डॉक्टरांना बघायचे होते. १९४७ च्या सुमारास पेनिसिलीन हे या रोगावरचे मान्य औषध झाले, तरी ते या माणसांना दिले गेले नाही. ही गोष्ट गुप्त होती काय? मुळीच नाही! या प्रयोगाचे अहवाल वैद्यकीय नियतकालिकांत नियमितपणे छापून येत होते. पदवीधर डॉक्टर ते वाचत होते आणि पान उलटत होते. पीटर बक्सटन या एका कर्मचाऱ्याने १९६६ पासून हरकती घेतल्या, त्या फेटाळल्या गेल्या. अखेर जुलै १९७२ मध्ये वृत्तपत्रांतून बोभाटा झाल्यावर प्रयोग थांबला. फ्रेड ग्रे या कृष्णवर्णीय वकिलाने दावा लावला आणि १९७४ साली एक कोटी डॉलरची तडजोड झाली. हाच फ्रेड ग्रे पूर्वी रोझा पार्क्स यांचा वकील होता.

इथे कोणते गुप्त मंडळ होते? कोणती घंटा वाजली होती? सारे उघड्यावर होते, छापील होते, प्रतिष्ठित होते. त्या माणसांना माणूस न मानण्याबद्दल सर्वांचे न बोलता एकमत होते, आणि ज्या गोष्टीवर समाजाचे एकमत असते ती लपवावी लागत नाही. 'ब्रदरहुड ऑफ द बेल' या चित्रपटाला जे दिसले नाही ते हेच. तो आपल्याला सांगतो की, दुष्ट माणसांचे एक मंडळ आहे, ते मोडले की झाले. ही समजूत सुखावह आहे, कारण तिच्यामुळे बाकी सारा समाज निर्दोष ठरतो. जातीच्या उतरंडीत पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगायला नको. विहिरीवर जाऊ न देणाऱ्यांनी कधी काळोखात शपथ घेतली नव्हती. ते भरदिवसा उभे होते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे स्पष्ट सांगणे आहे. आपल्याही सभांत 'षड्‌यंत्र' हा शब्द फार स्वस्त झाला आहे. निवडणूक हरली की षड्‌यंत्र, संघटना फुटली की षड्‌यंत्र, मोर्चाला माणसे आली नाहीत की षड्‌यंत्र! टाळ्या मिळतात, पण खटला उभा राहत नाही. उलट जिथे खरोखर कारस्थान झालेले असते, तिथेही ऐकणारा म्हणतो की हे नेहमीचेच रडगाणे. प्रतिपक्षाला याहून अधिक काय हवे? स्टुडिओतल्या पॅटरसनसारखे आपणच आपल्या हाताने वेडे ठरतो.

मूळ कागद कधीही हातचा सोडू नका. ज्याला द्याल त्याच्याकडून पोच घ्या, तारीख आणि शिक्का बघून घ्या. पोलीस ठाण्यात दिलेल्या दखलपात्र गुन्ह्याच्या खबरीची प्रत खबर देणाऱ्याला विनामूल्य मिळण्याची तरतूद जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होती आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती आहे. ती प्रत मागून घ्या. कार्ल स्टर्नच्या हाती जो कायदा होता, त्याच जातीचा माहितीचा अधिकार आपल्याला २००५ साली मिळाला आहे. तो वापरा. अर्ज फेटाळला तर अपील करा. नस्ती कुठून निघाली, कुठे थांबली, शेरा कुणाचा, सही कुणाची हे टिपून ठेवा. बाबासाहेबांनी महाडच्या तळ्याचा हक्क सत्याग्रहाने बजावला आणि तोच हक्क दिवाणी न्यायालयातही लढवला. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला, तो पुराव्याच्या बळावर. प्रतिपक्षाला अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची प्राचीन रूढी सिद्ध करता आली नाही. दहा वर्षे तो दावा चालला होता. त्या दहा वर्षांत बाबासाहेब केवळ कट, कट असे ओरडत बसले असते तर?

शेवटी एक शब्द त्या नावाविषयी. मंडळाने स्वतःला 'बंधुमंडळ' म्हणवून घेतले आहे. हा शब्द वाचून आपण थांबले पाहिजे. बंधुता हा आपल्या संविधानाच्या उद्देशिकेतला शब्द आहे आणि बाबासाहेबांनी तिची मुळे बुद्धाच्या शिकवणीत शोधली. मग त्या बंधुत्वात आणि या बंधुत्वात फरक कोणता? घंटेचे बंधुत्व दार लावून घेते आणि आतल्यांना सांगते, बाहेरच्यांचे जे व्हायचे ते होवो. ते आधी उपकार करते आणि मग किंमत मागते. त्याला टिकण्यासाठी भीती लागते, शपथ लागते, गुपित लागते. संविधानाच्या बंधुतेला यांतले काहीच लागत नाही, कारण ती व्यक्तीच्या प्रतिष्ठेवर उभी आहे. तिचे दार उघडे असते आणि ज्याची ओळख नाही, ज्याचा वशिला नाही, त्याच्यासाठीच ते मुद्दाम उघडे ठेवलेले असते. आपल्या संघटनांनीही हा आरसा अधूनमधून स्वतःसमोर धरावा. चार जणांच्या बंद खोलीत पदे वाटली जात असतील, हिशेब सभासदांपुढे ठेवला जात नसेल, विचारणाऱ्याला फितूर ठरवले जात असेल, तर तिथे घंटा वाजू लागली आहे असे समजावे. मग वरचा झेंडा कोणताही असो.

चित्रपटाचा शेवट आम्हाला पटला. सर्वस्व गमावलेला पॅटरसन त्याच डनिंगकडे जातो, ज्याला त्यानेच मंडळाच्या दारात आणून उभे केले होते. तो त्याच्याकडे एवढेच मागतो की, जे तू पाहिलेस ते सांगायला माझ्याबरोबर ये. तरुण बराच काळ गप्प राहतो. त्याच्यासमोर सारे भवितव्य आहे, बोलला तर ते गेले. तरी तो अखेर पॅटरसनची साथ धरतो. चित्रपट तिथेच संपतो. मंडळ मोडलेले नाही, खटला उभा राहिलेला नाही. पण आतापर्यंत जो एका माणसाचा भ्रम होता, त्याला आता दुसरा साक्षीदार आहे.

न्यायालयाच्या अनुभवावरून आम्ही सांगतो, बहुतेक लढे या दुसऱ्या साक्षीदारावाचून मरतात. पहिला माणूस बोलतो, कारण त्याच्यावर बेतलेले असते. दुसऱ्यावर बेतलेले नसते. त्याला गप्प बसणे परवडते. गावात अत्याचार होतो, दहा जणांनी पाहिलेले असते आणि साक्षीच्या पिंजऱ्यात फिर्यादी एकटा उभा असतो. वाचकहो, आपल्या वस्तीत, आपल्या कार्यालयात, आपल्या संघटनेत असा एकटा पडलेला कुणी असेल तर त्याच्यासाठी निषेधाचा ठराव करण्याआधी एवढे करा. पुढच्या तारखेला त्याच्याबरोबर जा, आणि जे पाहिले असेल ते शपथेवर सांगा. ही शपथ उघड्या न्यायालयात, सर्वांसमक्ष घेतात. ती घेणाऱ्यांची संख्या वाढली की कोणत्याही बंद दाराचा कडी-कोयंडा टिकत नाही.